फुग्याखालची पेटी

आमच्या घरात ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा आहे, म्हणून ती चार मुलं आमच्याकडे आली. दुसरं काही कारण नव्हतं.

काटा माझा. मी मुलुंडला राहते आणि लोकांचा फराळ परदेशी पाठवायच्या पेट्या बांधते. फराळ मी करत नाही, करणाऱ्या बायका वेगळ्या. मी फक्त बांधते. चकली अमेरिकेपर्यंत अख्खी पोचली पाहिजे आणि पोचल्यावर कुरकुरीत राहिली पाहिजे, एवढंच माझं काम. त्यात तुटण्याची भीती कमी असते. खरा शत्रू ओल. मुंबईची हवा बारा महिने ओली, आणि ती कुठल्याही फटीतून शिरते. वीस वर्षं मी फटी बुजवत आले आहे. कुठे फट दिसली की माझा हात टेपकडे जातो, डोकं नंतर.

त्या चौघांतली एक माझी मुलगी. पार्ल्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. हिशोबाने चौथ्याला हवी होती, पण गणितात दोनदा केटी लागली आणि एक वर्ष गेलं. त्या वर्षी ती घरी असताना लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "काय गं, सुट्टी का?" मग ती जिन्याने जाऊ-येऊ लागली. आम्ही पाचव्या मजल्यावर. म्हटलं, पाय तरी बळकट होतील.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा असतो. यांनी जो घेतला तो असा: रबराचा मोठा फुगा, त्यात हेलियम, खाली कापडी छत्री आणि तिच्याखाली दोरीला टांगलेली थर्माकोलची पेटी. फुगा विमानांच्याही वर जातो. वर हवा विरळ होत जाते तसा तो फुगत जातो आणि शेवटी फुटतो. मग छत्रीच्या आधाराने पेटी खाली येते. थंडी किती, हवेचा दाब किती, हे पेटीतली यंत्रं दर काही सेकंदांनी लिहून ठेवतात. पेटी सापडली तर आकडे मिळतात. नाही सापडली तर वर्ष पाण्यात.

कामं वाटली गेली तेव्हा माझ्या मुलीच्या वाट्याला आलं "फोटो आणि नाश्ता". मला हे तिने सांगितलं नाही. तिच्या वहीच्या मागच्या पानावर यादी होती, ती मी वाचली. टोळीचा म्होरक्या एक चष्मेवाला मुलगा होता. त्याच्या नावापुढे पाच कामं, बाकी दोघांपुढे तीन-तीन. हिच्यापुढे फोटो आणि नाश्ता. मुलं वाईट नव्हती. वर्ष गेलेल्या मुलीला काय द्यायचं हे त्यांना कळलं नाही, एवढंच.

मग एके दिवशी तीच प्रकल्पाच्या सरांकडे गेली. वर जाताना हवेतली ओल कशी बदलते ते मोजू का, म्हणून विचारलं. सर म्हणाले, आधीच्या कुठल्याच बॅचने ते केलेलं नाही, ते नखरेल यंत्र असतं, जमलं तर कर. पण वजन तीस ग्रॅमच्या वर गेलं तर काढून टाकेन.

दोन महिने ती त्या तीस ग्रॅमच्या मागे होती. कॉलेजातून आली की हातात सोल्डरिंगची कांडी. ते यंत्र तिने माझ्या स्वयंपाकघरात तपासलं. कुकरजवळ धरलं की लॅपटॉपवरचा आकडा सरसर चढायचा. तांदळाच्या डब्यात घातलं की उतरायचा.

"बघ आई, तुझ्या डब्यात किती कोरडं आहे!"

"मग? माझा डबा आहे तो."

तेव्हा ती हसली होती. त्या वर्षात तशी ती फार हसलेली मला आठवत नाही.

दिवाळी झाली. माझ्या शेवटच्या पेट्या गेल्या. प्रयोगाच्या दोन दिवस आधी दुपारी ही मंडळी वजन करायला घरी आली. मुंबईतून फुगा सोडता येत नाही, विमानं असतात. परवानगी मिळाली होती ती सिन्नरच्या बाजूला, एका शाळेच्या मैदानावर. पहाटेच निघायचं होतं.

म्होरक्याने पेटी टेबलावर ठेवली. मी वास घेतला.

"ही कुठून आणलीस रे?"

"मासळीवालीकडून, काकू. फुकट मिळाली."

"वास येतोय."

"वर गेल्यावर जाईल ना."

"वर कोणाला येणारे वास? खाली आल्यावर कुत्री धावतील हिच्यामागे."

बाकीचे हसले. म्होरक्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं, कारण कुत्र्यांचा विचार त्याने खरंच केला नव्हता. मी पेटी व्हिनेगरने पुसून दिली. मग पेटीवर चिकटवायचा कागद पाहिला. सगळा इंग्रजीत. वैज्ञानिक उपकरण, कृपया खालील क्रमांकावर संपर्क साधावा वगैरे.

"हे कोण वाचणार?"

"ज्याला सापडेल तो."

"सापडणार शेतात. बाईमाणूस असेल, म्हातारं कोणी असेल. आकाशातून डबा पडला तर ते आधी पळतील का इंग्रजी वाचतील?" मी मार्कर घेतला आणि मराठीत मोठं लिहिलं: घाबरू नका. हा कॉलेजच्या मुलांचा अभ्यास आहे. यात धोका नाही. फोन करा. खाली स्वतःचा नंबर घातला. ही सगळी गाडीत असणार, रेंज नसलेल्या रस्त्यावर. मी घरीच असते.

म्होरक्या म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या टीममध्ये पाहिजे होतात."

हे ऐकून मी सुखावले, ते लिहायला हवं. पुढे जे झालं त्यात त्या सुखावण्याचाही थोडा हात आहे.

वजन बसलं. हजार ग्रॅमच्या आत, वर सत्तर ग्रॅम शिल्लक. तेवढ्यात भिवंडीहून फोन आला की हेलियमचा सिलिंडर न्यायला आत्ता या, नंतर गोदाम बंद होईल. सगळे उठले. दारात मुलगी वळली.

"आई, झाकण आम्ही बंद केलंय, ते उघडू नकोस. फक्त बाहेरून बांधशील? नीट?"

"म्हणजे आजवर मी काय वाकडं बांधत आले?"

"तसं नाही गं. नीट म्हणजे तू बांधतेस तसं."

मी बांधलं मी बांधते तसं. कडेकडेने खाकी टेप, दोन थर. पेटी उलटी केली तर तळाला एका कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक. मासळीवालीची पेटी, बर्फाचं पाणी निघायला पाडलं असेल असं मी धरून चालले. तिचं यंत्र बाकीच्या यंत्रांबरोबर वर झाकणाखाली असेल, असंही धरून चालले. सत्तर ग्रॅम शिल्लक होतेच. फराळात ओल शोषायला टाकतो त्या पांढऱ्या पुड्या माझ्याकडे बरणीभर असतात. त्यातल्या दोन त्या भोकातून आत सरकवल्या, वरून टेप लावली, अंगठ्याने दाबली. मग सगळ्यावरून थंडीसाठीचा चंदेरी कागद. पाच मिनिटांचं काम. परत वजन केलं, बसत होतं. चहा टाकला.

प्रयोगाच्या दिवशी मी फोन समोर ठेवून भाजी निवडत बसले. साडेसातला मुलीचा मेसेज आला: सुटला. सोबत व्हिडिओ. पांढरा फुगा, खाली माझी चंदेरी पेटी, आणि कोणीतरी ओरडतंय, "गेला रे, गेला, गेला!" ती माझीच मुलगी ओरडत होती. मी तो तीनदा पाहिला. तिचा आवाज इतका मोठा असू शकतो हे मी विसरले होते.

नंतर बराच वेळ काही नाही. मी जेवणही उरकलं. बाराच्या सुमाराला अनोळखी नंबर.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"तुम्ही कोण?"

"आवं तुमचंच कायतरी आमच्या कांद्यात पडलंय. वर लिवलंय घाबरू नका. मालक म्हनत्यात हात लावू नको. मी म्हनलं, लिवलंय की घाबरू नका."

मी उभीच राहिले. "कुठून बोलताय तुम्ही?"

"वैजापूरकडं. बॉम्ब नाय ना हो बाई?"

"नाही हो. पोरांचा अभ्यास आहे. हवा मोजायचा."

"हवा?" बाई म्हणाली. "अन् मोजून काय करत्यात?"

मी म्हटलं, "माझी मुलगी येतेच आहे तिथे, तिलाच विचारा. तोवर पेटी सावलीत ठेवाल का? आणि कुत्र्यांपासून लांब."

"ठिवते की. तुमची लेक व्हय? येऊ द्या. भाकर खाऊन जाईल."

आणि खरंच, ते चौघं तिथे पिठलं-भाकरी खाऊन आले. त्या बाईने म्हणे माझ्या मुलीला धरून बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. म्होरक्यालाही मध्ये बोलू दिलं नाही. "तू गप रं, तिची आई म्हनली तिला विचारा." मुलीने हे सांगितलं तेव्हा घरात शिरून तिला दहा मिनिटंही झाली नव्हती. बूट पायात तसेच, अंगाला कांद्याचा वास.

पेटी शेतातच वरून कापून त्यातलं आकड्यांचं कार्ड काढलं होतं आणि यंत्रं वायरी तोडून वरूनच ओढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळे आकडे संगणकावर घेतले. थंडीचा आलेख सुरेख निघाला. दाबाचाही. सर खुश. ओलीचा आलेख म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक आडवी रेघ. अगदी खाली, तळाला घासत गेलेली.

"यंत्र बंद पडलं असणार," सर म्हणाले. "सोल्डरिंग सैल राहिलं असेल. होतं असं."

होतं असं. सरांनी ते चांगल्या मनानेच म्हटलं. म्होरक्याही चांगल्या मनानेच म्हणाला की आपण दोनच आलेख दाखवू, तिसऱ्याचं नावच काढायचं नाही, म्हणजे कोणी विचारणार नाही. दहा दिवसांनी बाहेरचे परीक्षक येणार होते. हिच्या वाट्याला पुन्हा फोटो आले. ते मात्र छान आले होते.

ती घरी आली आणि बॅगही न उतरवता कामाला लागली. यंत्र खोललं, जोडलं, कुकरजवळ धरलं. आकडा सरसर चढला. तांदळाच्या डब्यात घातलं. उतरला. पुन्हा खोललं. तीन दिवस हेच. जेवायला बोलावलं तर यायची, जेवायची, जायची. तिचे बाबा एकदा म्हणाले, "अगं, जाऊ दे, एवढं काय?" तेव्हा तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

"इथे चालतंय," ती मला म्हणाली. "इथे नीट चालतंय गं. मग तिथेच काय झालं? मीच काहीतरी चुकले. पण काय तेच सापडत नाहीये."

मी म्हटलं, "सापडेल." दुसरं काय म्हणणार?

रविवारी सकाळी मी बाल्कनी साफ करायला घेतली. शेतातून परत आणलेली ती पेटी तिथे पडली होती आणि तिला पुन्हा वास सुटला होता. आमच्या सोसायटीत थर्माकोल वेगळा आणि कागद-टेप वेगळी द्यावी लागते, नाहीतर कचरेवाली घेत नाही, वर चार शब्द सुनावते. म्हणून मी खाली बसून चंदेरी कागद सोलला. मग टेप. तळाची पट्टी ओढली तशी तिच्याबरोबर भोकातून एक पांढरी पुडी बाहेर आली. मग दुसरी. मी आत डोकावले. कोपऱ्यात एक वेगळा खण केलेला होता, काडेपेटीएवढा, आणि त्यातून दोन रंगीत वायरी वरच्या भिंतीत गेल्या होत्या. भोकाच्या आतल्या बाजूला बारीक जाळी लावलेली होती. ती माझ्या पुड्यांनी एका बाजूला ढकलली गेली होती. जाळी तिने माझ्याच चहाच्या गाळणीची कापून लावली होती. जुन्या गाळणीची. ती कुठे गेली म्हणून मी महिनाभर शोधत होते.

मी हुशार नाही, पण पेट्या मला कळतात. तिचं यंत्र त्या खणात होतं आणि ते भोक तिने बाहेरची हवा आत यावी म्हणून पाडलं होतं. मी ती हवा बंद केली आणि आत होती तेवढी ओलही शोषून घ्यायची सोय केली. ते यंत्र आकाशभर फिरून आलं आणि सगळा वेळ माझ्या पुड्यांचा कोरडेपणा इमानाने लिहीत राहिलं.

आतल्या खोलीतून सोल्डरिंगचा वास येत होता.

मी लगेच गेले नाही. हेही लिहायला हवं. मी आधी कुकर लावला. शिट्ट्या मोजल्या. आमटी फोडणीला टाकली. लेकीला सांगितलंच नाही तर काय होईल, याचाही विचार केला. काही झालं नसतं. पेटी कचऱ्यात गेली असती आणि ती जन्मभर समजत राहिली असती की तिचं सोल्डरिंग सैल होतं. आमटीला उकळी आल्यावर गॅस बंद केला, आत गेले आणि दोन्ही पुड्या तिच्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"पेटीच्या भोकातनं निघालं. मी घातल्या होत्या. वरून टेपही मीच लावली. मला वाटलं फुटकी पेटी आहे."

तिने पुड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हातातली कांडी स्टँडवर ठेवली, सावकाश, नीट.

"कधी कळलं?"

"सकाळी. तासभर झाला. आधी आमटी केली."

मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा हसेल. दोन्हीतलं काहीही झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्या भोकासाठी दोन महिने भांडले होते, आई. ते म्हणत होते गार हवा आत येईल, बॅटरी मरेल. मी वेगळा खण केला, जाळी लावली. तू मला एक फोन करून विचारलं का नाहीस?"

"तू भिवंडीला होतीस."

"फोन होता ना माझ्याकडे. तू कधीच विचारत नाहीस. तू बंद करतेस. माझी बॅग बंद करतेस, माझ्या वह्यांना कव्हर घालतेस, मी बाहेर निघाले की मागून माझ्या ड्रेसची चेन वर करतेस. मी घरी होते ना, त्या वर्षी, लोक काही विचारायला लागले की तूच मध्ये बोलायचीस. तिची तब्येत बरी नाही म्हणायचीस. माझी तब्येत बरी होती. मी नापास झाले होते."

तिने सांगितलेलं सगळं मी केलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की मी काम करते आहे. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. थोड्या वेळाने तिने एक पुडी उचलली, बोटांत फिरवली.

"म्हणजे यंत्र चालू होतं," ती म्हणाली. स्वतःशीच. "पूर्ण वेळ चालू होतं."

"होतं असणार."

"उणे साठला पण चालू होतं. अगं, मग ते बंद पडलंच नाही!" ती उठून उभी राहिली, मग परत बसली. डोळे भरले होते आणि ती रागावलेलीही होती. मी पाणी आणून दिलं. ते घेतलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "उद्या मी येते कॉलेजात. सरांना सांगते, चूक माझी आहे." म्हटलं आणि थांबले. मग पुन्हा म्हटलं, "येऊ का?"

तिने विचार केला. चांगला मिनिटभर. "ये," म्हणाली. "पण बोलायचं नाही."

"मग येऊन काय करू?"

"बस."

तर मी गेले आणि बसले. प्रयोगशाळेत एका उंच स्टुलावर, मांडीवर पर्स घेऊन. सर, म्होरक्या, बाकी दोघं आणि माझी मुलगी टेबलाभोवती उभे. तिने पेटीचा कापलेला तळ मांडला, पुड्या मांडल्या, टेपची पट्टी मांडली. म्हणाली, खणाचं छिद्र बंद झालं होतं आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या. यंत्र व्यवस्थित चाललं, आलेख त्या बंद खणाचा आहे. सरांनी विचारलं, "पण सोडायच्या आधी तुम्ही यादी घेऊन तपासणी केली होती ना? छिद्र उघडं आहे का, हे यादीत होतं."

"होतं. त्यापुढे खूण मी केली. सही माझी आहे. उलटं करून पाहिलं नाही."

"का?"

"मला वाटलं पेटी नीट बांधली आहे."

"पेटी बांधली कोणी होती?"

मी पर्सचा पट्टा धरला. म्होरक्याने हळूच माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या टीमने," माझी मुलगी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "बांधणाऱ्याला छिद्र कशासाठी आहे ते सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. बाहेर तसं लिहूनही ठेवलं नाही."

वीस वर्षांत मी इतका वेळ गप्प बसले नव्हते. पण मी शब्द दिला होता आणि तो पाळत स्टुलावर बसून राहिले. पाय जमिनीला टेकत नव्हते.

सरांनी पुडी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि त्यांना हसू आवरेना. पण त्यांनी आलेख पुन्हा पडद्यावर लावला आणि म्हणाले, "हा दाखवा. तिसरा आलेख. ही रेघ आणि तिचं कारण. तूच सांग परीक्षकांना." मग म्होरक्याकडे वळून, "आणि सैल सोल्डरिंग मी म्हटलं होतं, ते मागे घेतो."

बाहेर आल्यावर आम्ही स्टेशनच्या रस्त्यावर मिसळ खाल्ली. ती भुकेली होती, हे मला कित्येक दिवसांनी दिसलं.

"मी सांगणार होते," मी म्हटलं. "जिभेवर आलं होतं."

"माहीत आहे. म्हणून तर बोलू नकोस म्हटलं."

"मला वाचवायला?"

"छे." तिने पाव मोडला. "तू बोलली असतीस तर सगळे म्हणाले असते, जाऊ दे काकू, चालतं, मुद्दाम थोडंच केलंत. आणि विषय संपला असता. मला विषय संपवायचा नव्हता. मला पुन्हा पाठवायचंय."

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने माझ्या ताटलीतली शेव घेतली.

परीक्षकांसमोर तिने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मला बोलावलं नव्हतं. घरी येऊन म्हणाली, वीस मिनिटं तिसऱ्याच आलेखावर गेली. थंडी आणि दाब पाच मिनिटांत आटोपलं. म्होरक्या थोडा फुगून बसला होता, मग निवळला. लिफ्टने वर आली होती की जिन्याने, ते मी पाहिलं नाही.

जानेवारीत पुढच्या बॅचच्या मुलांनी फुगा सोडला. त्यांच्या पेटीत सरांनी हिच्या तीस ग्रॅमना जागा दिली. या वेळी पेटी तिने आणि ज्युनिअर मुलींनी कॉलेजातच बांधली. मला कोणी बोलावलं नाही, आणि तेच बरोबर होतं. मी त्या दिवशी हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशव्या बांधत होते. संध्याकाळी ती आली ती थेट माझ्या टेबलाशी. माझ्या पिशव्या बाजूला सारल्या, एरवी मी हात मारला असता, आणि लॅपटॉप उघडला.

पडद्यावर रेघ होती, पण आडवी नाही. डावीकडे उंच सुरू होऊन घसरत आलेली, मध्येच एका जागी टेकडीसारखी वर उठलेली, मग पुन्हा उतरत उतरत गेलेली.

"ही सुरुवात," ती म्हणाली. "सकाळचं धुकं होतं मैदानावर, म्हणून एवढी वर आहे. मग कोरडं होत जातं."

"आणि हे?" मी त्या टेकडीवर बोट ठेवलं. बोटाला हळद लागली होती, पडद्यावर डाग पडला. तिने तो तसाच राहू दिला.

"ढग," ती म्हणाली. "इथे ते ढगातून गेलं."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा नीट पाहिलं. मग तिला विचारलं, "किती वेळ होतं ते ढगात?"

"दोन मिनिटं, आई," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.